वचन आणि व्यवहार

परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हा सरकारी मंडळींच्या बोलण्यात एक पालुपद हटकून येते. "बदली झाली नाही तर." मुलाचे नाव अमुक शाळेत घालू, बदली झाली नाही तर. मंडळाच्या गणेशोत्सवाचे काम अंगावर घेऊ, बदली झाली नाही तर. शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात उभे राहू, बदली झाली नाही तर. या पालुपदाने आमचे प्रत्येक वचन सोपाधिक होते, आणि सोपाधिक वचन मोडल्याचा दोष कोणास लागत नाही अशी आमची सोयीची समजूत असते. तंजावरास येऊन आम्हास पाच वर्षे होत आली. या पाच वर्षांत हे पालुपद न लावता आम्ही महत्त्वाचे असे एकच वचन दिले, आणि ते मोडले. त्याचा विचार करिता करिता आम्ही एका अनपेक्षित वाटेने इस्लामी बँकांच्या करारशास्त्रापर्यंत जाऊन पोहोचलो. ती वाट कशी लागली आणि तिच्यावर काय सापडले, ते येथे सांगावयाचे आहे.

पश्चिम राजवीथीमागील एका गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहत असत. तंजावरकडे मराठी ब्राह्मणास तमिळ लोक 'रायर' म्हणतात. गल्लीत त्यांस दुसरे नाव नव्हते. पत्नी निवर्तलेली, मुलगा परदेशी, आणि घर पणजोबांच्या वेळचे. रस्त्यालगत तिण्णै, म्हणजे आपल्याकडील ओटा, आत लाकडी खांबांचा चौक, मागे विहीर. त्यांची मराठी आमच्या मराठीहून निराळी होती. तिच्यातील काही शब्द आम्ही आमच्या आजीच्याच तोंडी काय ते ऐकले होते, आणि काही थेट तमिळमधून आलेले. तथापि कानावर मराठी पडते म्हणून आम्ही रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. घर विकून कुंभकोणमच्या एका वृद्धाश्रमात जाऊन राहण्याचा त्यांचा विचार होता. एका रविवारी ते घर आम्हीच घ्यावे असे बोलणे निघाले, ४२ लाखांवर ठरले, आणि आम्ही "घेतले" असे म्हणून मोकळे झालो. बयाण्यादाखल २५ हजारांचा धनादेश पुढे केला, तो त्यांनी परत केला. "शब्द दिलात की नाही? मग बयाणा कशाला?" एवढेच ते म्हणाले.

दोन महिन्यांनी कचेरीत बदल्यांच्या यादीची कुजबुज सुरू झाली. आमचे नाव तीत आहे असे एकाने सांगितले, दुसऱ्याने दुजोरा दिला. कर्ज काढून घर घ्यावे आणि आपण भलत्याच राज्यात भाड्याच्या घरात राहावे, हे आमच्या पगारात बसणारे नव्हते. आम्ही रायरांकडे जाऊन माघार घेतली. ते "बरे" म्हणाले आणि कॉफी आणावयास आत गेले.

त्या दोन महिन्यांत त्यांनी काय काय केले होते ते आम्हास पुष्कळ उशिरा, आणि तेही शेजाऱ्यांकडून कळले. आमच्याहून एक लाख अधिक देणाऱ्या एका सराफास त्यांनी "घर दिले गेले" म्हणून परत लावले होते. वृद्धाश्रमातील खोली ठराविक तारखेपर्यंत राखून ठेवावी म्हणून ६० हजार भरले होते. तारीख उलटली, खोली दुसऱ्यास गेली, आणि नियमावर बोट ठेवून रक्कम परत मिळाली नाही. घर शेवटी ३९ लाखांस गेले. आमच्या बदलीचा हुकूम आजतागायत आलेला नाही.

कागद नव्हता, बयाणा नव्हता, साक्षीदार नव्हता. रायरांनी कोर्टाची पायरी चढावयाची म्हटली असती तरी त्यांच्या हाती फारसे काही लागते ना. आणि ते चढणार नव्हतेच. प्रश्न कोर्टाचा नव्हता. आमच्या शब्दाने आम्हास किती बांधले होते, हा प्रश्न होता. संपूर्ण ४२ लाखांस? ६० हजारांस? की फक्त ओशाळवाण्या चेहऱ्यास?

आमच्या शेजारच्या मेजावर बसणारे सहकारी अदिरामपट्टिनमचे. हे याच जिल्ह्यातील समुद्रकाठचे मुसलमान वस्तीचे गाव. तेथील पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी आखाती देशांत राहून आलेला असतो. त्यांस आम्ही हकीकत सांगितली ती थोडेसे सांत्वन मिळेल या आशेने. सांत्वन न करिता त्यांनी आपल्या वडील भावाची गोष्ट सांगितली.

हा भाऊ आखातात एका कारखान्यात होता. स्वतंत्र धंद्यासाठी त्यास एक मालवाहू गाडी हवी होती. व्याज देणे आणि घेणे या दोन्ही गोष्टी निषिद्ध मानणारा मनुष्य. म्हणून तो इस्लामी पद्धतीच्या बँकेकडे गेला. अशी बँक पैसे उसने देऊन त्यावर व्याज घेत नाही. ती गाडी स्वतः विकत घेते आणि खरेदीची किंमत व आपला नफा उघड सांगून तीच गाडी गिऱ्हाइकास हप्त्यांनी विकते. या विक्रीस मुराबहा म्हणतात. व्यापार विहित आणि व्याज निषिद्ध, हा कुराणातील भेद येथे मूळाशी आहे. परंतु यात एक खाच आहे. आपल्या मालकीची नसलेली वस्तू विकू नये असा पैगंबरांचा निर्बंध असल्याने, बँकेने गाडी घेण्यापूर्वी विक्रीचा करार करिता येत नाही. मग बँकेने गाडी घेतली आणि गिऱ्हाईक फिरले तर? ती गाडी बँकेने काय करावी? म्हणून गिऱ्हाइकाकडून आधी एक वचन घेतात: तुम्ही ही वस्तू घेतलीत की मी ती तुमच्याकडून घेईन. अरबीत या वचनास 'वअद' म्हणतात. आपला 'वायदा' तो हाच.

येथे थोडे थांबून सांगावेसे वाटते की आपल्या व्यवहाराची अर्धी परिभाषा त्याच घरची आहे. करार, कबूल, कर्ज, मुदत, नफा, जामीन, दलाल, हवाला, इजारा हे शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने मराठी दप्तरांत आले आणि इतके मुरले की ते परके आहेत असे सांगितल्यास आपलाच मनुष्य भांडावयास उठेल. मात्र 'वायदा' या शब्दाची मराठीत जी गत झाली ती लक्षात घेण्यासारखी आहे. मूळ अर्थ वचन. त्यावरून वचन पुरे करण्याची मुदत. आणि पुढे 'वायद्यावर वायदे देणे' म्हणजे नुसती टाळाटाळ. शब्दाचा हा प्रवास आमच्या स्वभावाचाही असावा.

भावाने तसे वचन लिहून दिले, गांभीर्याची खूण म्हणून काही रक्कम ठेवली, बँकेने गाडी घेतली, आणि त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली. परत यावे लागले. बँकेने गाडी दुसऱ्यास विकली. खरेदीपेक्षा जितके कमी आले तितके त्याच्या ठेवीतून कापून बाकी परत केले. जो नफा मिळावयाचा होता त्यातील एक पैसाही मागितला नाही. "का नाही मागितला?" आम्ही विचारले. सहकारी म्हणाले, "नफा विक्रीचा असतो, सर. विक्री झालीच नाही. झाले ते नुकसान."

या उत्तराने आम्हास वाचनास लावले. दिलेला शब्द न्यायालयाने पाळावयास लावावा की नाही, याविषयी इस्लामी धर्मशास्त्रज्ञांत बाराशे वर्षांचा वाद आहे. वचन पाळणे पुण्यकर्म आणि मोडणे निंद्य, यावर सर्वांचे एकमत. परंतु बहुसंख्य पंडितांच्या मते ते देणाऱ्याच्या सदसद्विवेकाचे काम. काझीने त्यात पडू नये. आठव्या शतकातील कूफ्याचे काझी इब्न शुब्रुमा यांनी उलट टोक धरले: प्रत्येक वचन बंधनकारक. मालिकी परंपरेने मधला मार्ग काढला. केरवानचे सहनून (मृत्यू इ. स. ८५४) यांच्या नावाने सांगितले जाणारे त्याचे उदाहरण घराचेच आहे, हे वाचून आम्ही चपापलो. एकाने दुसऱ्यास सांगितले, तुझे जुने घर पाड, नवे बांधण्यास मी तुला पैसे उसने देतो. त्याने घर पाडले. आता पहिल्यास माघार घेता येणार नाही, काझी त्यास पैसे द्यावयास लावील. घर पाडण्यापूर्वी मात्र तो शब्द नुसता शब्दच होता. म्हणजे वचनाचे बंधन बोलणाऱ्याच्या जिभेवर निर्माण होत नाही; ऐकणारा त्या भरवशावर आपले काही पाडून टाकतो तेव्हा ते निर्माण होते.

आमच्या देशातील न्यायालयेही स्वतंत्रपणे याच ठिकाणी येऊन पोहोचली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मोबदल्यावाचून दिलेले वचन सामान्यतः निरर्थक. तरी १८८६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे हावड्याच्या नगरभवनाचा खटला आला. एका गृहस्थाने बांधकामास १०० रुपयांची वर्गणी घातली आणि मग ती देईना. वर्गण्यांच्या भरवशावर कंत्राटदाराशी करार झालेला होता, म्हणून त्यास ती द्यावी लागली. १९७८ च्या डिसेंबरात तर सर्वोच्च न्यायालयाने मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या खटल्यात खुद्द उत्तर प्रदेश सरकारला बांधले. विक्रीकरातून सूट देऊ असे सरकारने सांगितले, कारखानदाराने त्यावर विसंबून वनस्पती तुपाचा कारखाना घातला, आणि सरकार फिरले. सरकारलाही असे फिरता येत नाही, असे ठरले. सरकारी नोकराने हा निकाल अधूनमधून वाचावा.

मग आधुनिक बँकांनी हा मालिकी नियम उचलला यात नवल नाही. १९७५ मध्ये दुबईत इस्लामी बँक स्थापन झाली. १९७९ मध्ये तेथेच भरलेल्या परिषदेने मुराबह्यातील गिऱ्हाइकाचे वचन बंधनकारक मानण्यास मान्यता दिली. येथे वाद पेटला, आणि आमच्या मते तो या विषयातील सर्वांत खोल वाद होय. आक्षेपकांचे म्हणणे असे: मालिकी पंडितांनी तो नियम उसनवारी, दान अशा उपकाराच्या वचनांस लावला होता, तुम्ही तो नफ्याच्या विक्रीस लाविता. इमाम शाफिई (मृत्यू इ. स. ८२०) यांनी तर नेमका हाच व्यवहार डोळ्यांपुढे घेऊन निर्णय दिलेला आहे. तू ही वस्तू घे, मी तुला इतका नफा देईन, असे कोणी म्हणावे आणि दुसऱ्याने ती घ्यावी, हे चालेल. पण घेऊन झाल्यावर दोघेही मोकळे असले पाहिजेत. आधीच्या बोलण्याने दोघे बांधले गेले तर जवळ नसलेली वस्तू विकल्यासारखे होऊन व्यवहार बाद. आमचे सहकारी शाफिई पंथाचे. त्यांस हे दाखविले तेव्हा ते हसून म्हणाले, "आमच्या इमामांनी बँक काढली नसती."

या शाफिई मतात नुसता तांत्रिक काटेकोरपणा आहे असे समजणे चूक होय. व्यापाऱ्याचा नफा व्याजाहून निराळा का? व्यापारी जोखीम घेतो म्हणून. माल पडून राहील, कुजेल, भाव उतरेल, गिऱ्हाईक येणार नाही. ज्याच्या माथी हे सारे, त्याचाच नफ्यावर हक्क. आता गिऱ्हाइकाच्या वचनास काझीचा हुकूम जोडला की बँकेची जोखीम उरली किती? गाडी तिच्या मालकीत घटकाभर येते आणि जाते; भाव चढो वा उतरो, तिचा नफा पक्का. मग जे उरते त्यास नाव व्यापाराचे, पण वागणूक सावकाराची. वचन ही एवढी पवित्र वस्तू, परंतु तिला कुलूप लावले की तिच्याच आडून व्याज आत शिरते. आणखी असे की, व्यवहारात हे वचन बहुधा गरजूच देतो आणि धनवान ते घेतो.

डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनाने या पेचावर तोड काढली. एकाच पक्षाने दिलेले वचन धर्मतः बंधनकारक, रास्त सबब असेल तर नव्हे. ते काही कारणाशी निगडित असेल आणि त्यापायी घेणारा खर्चात पडला असेल, तर न्यायतःही बंधनकारक. अशा वेळी वचन पाळावे, किंवा विनासबब मोडल्याने झालेले प्रत्यक्ष नुकसान भरून द्यावे. दोन्ही पक्षांची परस्पर वचने मात्र, एकास तरी मोकळीक असल्याशिवाय, मुराबह्यात चालणार नाहीत. कारण दोघेही बांधले की ती विक्रीच झाली. पुढे बहरीनच्या 'आयोफी' या मानकसंस्थेनेही ठेवीतून कापावयाचे ते केवळ प्रत्यक्ष नुकसान, हुकलेला नफा नव्हे, असेच ठरविले. सहकाऱ्यांच्या भावास जो न्याय मिळाला तो हा. भारतात अशा बँका नाहीत. २००८ मध्ये रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने व्याजमुक्त बँकव्यवहारास वाव देण्याची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले.

आमच्या कचेरीतील एका पदवीधर मित्राने या साऱ्यास शब्दच्छल म्हटले. एकाने बांधून घेतले तर वचन आणि दोघांनी बांधून घेतले तर विक्री, हा काय विवेक झाला, असे त्यांचे म्हणणे. आम्हास तसे वाटत नाही. दोन्ही बाजूंच्या, शिक्क्यामोर्तबाच्या बंधनास पुष्कळदा बळ असते ते बळकटाचेच, आणि याचा दाखला या गावाइतका दुसरीकडे क्वचित मिळेल. १७८७ मध्ये मरणोन्मुख तुळजाराजांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी, म्हातारा होत चाललेल्या श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या पदरात घातला. पाद्र्याने तो भार घेतला. कागद झाला नाही, मोबदला नाही, आणि तो शब्द पाळावयास लावणारे न्यायालयही नाही. गादीवर बसलेल्या अमरसिंहाकडून मुलास जाच होऊ लागला तेव्हा त्याच पाद्र्याने खटपट करून १७९३ मध्ये त्यास मद्रासेस हलविले, त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली, आणि १७९८ च्या फेब्रुवारीत स्वतः देह ठेवला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. शिवगंगा तळ्याजवळील चर्चमध्ये त्या पाद्र्याच्या मृत्युशय्येपाशी उभ्या असलेल्या सरफोजींचे संगमरवरी शिल्प आहे. ते सरफोजींनीच विलायतेत फ्लॅक्समनकडून करविले.

उलट बाजूस २५ ऑक्टोबर १७९९ चा तह पाहा. दोन पक्ष, दोन मोहरा, कलमवार कागद. राज्यकारभार कंपनीस, आणि राजास किल्ला, दरसाल एक लाख होन व उरल्या वसुलाचा पाचवा हिस्सा. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले आणि कंपनीने गादी खालसा केली; पुढच्या वर्षी खासगी मालमत्तेवरही टाच आणली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. ही राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे पाहणे न्यायालयाच्या अधिकारात नाही, असे कारण दिले. १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता परत केली ती मेहेरबानी म्हणून. जे बंधन मोडल्यास दुबळ्यास दाद नाही, ते दोघांवर होते असे म्हणणे धाडसाचे आहे.

असो. आमचे स्वतःचे काय? कुवेतच्या ठरावातील दोन शब्द आमच्या मनात घर करून बसले: रास्त सबब. आमची सबब बदली. सहकाऱ्यांनी विचारले, "शब्द देतेवेळी बदली होऊ शकते हे तुम्हास ठाऊक नव्हते काय?" केंद्र सरकारच्या नोकरास हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याइतके निर्लज्ज आम्ही नव्हतो. भावाची नोकरी अचानक गेली, ती सबब. आमची बदली नियुक्तिपत्रातच लिहिलेली आहे, आणि ती तर झालीही नाही. जी गोष्ट बोलण्यापूर्वीच माहीत असते ती सबब होत नाही, फार तर अट होते. आणि अट आम्ही घातली नव्हती. परप्रांती राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी किती जणांची किती वचने या एका शब्दावर वाहून गेली असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आपण जातो, ज्याने आपल्या भरवशावर घर पाडले तो तेथेच असतो.

नुकसान किती, यावर मात्र आमचे व सहकाऱ्यांचे अद्याप एकमत झालेले नाही. ६० हजारांविषयी वाद नाही. ते आमच्या शब्दापायी गेले. परत लावलेल्या सराफाचे काय? ४३ आणि ३९ यांतील चार लाख हे प्रत्यक्ष नुकसान, की हुकलेला नफा? सहकारी म्हणतात, हुकलेला सौदा तो हुकलेलाच. त्याचा भाव कोणी ठरवावा? आम्हास वाटते, मनुष्य दारी उभा होता, पैसे हाती होते. तो आमच्या शब्दाने परत गेला. आमच्या बाजूने विचार केला तर मत एक येते, रायरांच्या बाजूने केला तर दुसरे, आणि आमच्याजवळ चार लाख नाहीत ही गोष्ट आमच्या विचारात नकळत किती भर घालते हे सांगवत नाही.

६० हजार आम्ही दोन हप्त्यांत रायरांस नेऊन दिले. त्यांनी ते मोजून घेतले, याचे आम्हास बरे वाटले; "राहू द्या" म्हणाले असते तर आम्ही कदाचित राहू दिले असते. सराफाची गोष्ट आम्ही काढली तेव्हा ते म्हणाले, "त्याला नको म्हटले ते मी. तो हिशेब माझा." हे औदार्य होते की आम्हास त्या हिशेबातही जागा नाकारली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. ते आता कुंभकोणमला असतात. दुसऱ्यांदा पैसे भरून दुसरी खोली मिळाली. पुढील महिन्यात भेटीस येतो असे आम्ही त्यांस कळविले आहे. रजेचा अर्ज आधी मंजूर करून घेतला, आणि मगच तारीख लिहिली.